शाखाबदल

दिलेले

एक अंगण. कोहमाऱ्याच्या चौकात हायवे सोडायचा, डांबर संपेपर्यंत आत जायचे आणि डांबर संपल्यावर आणखी थोडे. मे महिना. अंगणात तेंदूच्या पानांचा ढीग आणि ढिगाभोवती माणसे: बिसराम, त्याची बायको रुख्माबाई, त्यांची मुलगी संध्या. पहाटे जंगलातून तोडून आणलेली पाने मोजून पुड्यांत बांधायची आणि ऊन कलायच्या आत फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या वाळवणावर, नेऊन द्यायची. मध्ये कोणाला वेळ नसतो.

ढिगाशी आणखी एक माणूस मांडी घालून बसलेला. भुपेंद्र रहांगडाले, गोंदियाजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शाखेचा प्राध्यापक. त्याच्याही हातात पाने.

उन्हाळ्यात कॉलेज प्राध्यापकांना गावे वाटून देते. बारावी सायन्सची मुले शोधायची, घरी जायचे, आईबापांना पटवायचे, प्रवेश आणायचे. आणले तर पुढल्या वर्षी नोकरी. कॉम्प्युटरवाल्यांना गावे मिळत नाहीत, त्यांच्याकडे मुले आपल्या पायांनी येतात. मेकॅनिकलवाल्यांना जंगलातली गावे मिळतात.

तेंदूच्या हंगामात उभ्या माणसाचे कोणी ऐकत नाही, हे भुपेंद्रला पहिल्याच वर्षी कळले होते. बसून पुडे बांधू लागले की ऐकतात. आधी त्याचे पुडे सुटायचे. आता सुटत नव्हते.

तोंडी परीक्षा

परीक्षक: बिसराम.

"मेकॅनिकल म्हंजे काय जी?"

"मशीन. मशीन बनवायची, चालवायची, बिघडली तर दुरुस्त करायची."

"मोटारसायकल?"

"मोटारसायकल, ट्रॅक्टर, रेल्वेचं इंजिन, राईस मिल. विमानसुद्धा."

"विमान राहू द्या. ते आमच्या वरून जाते, उतरत नाही."

रुख्माबाईने दाताने दोरी तोडली. "नोकरी लागते का, ते विचारा ना. विमान कायले विचारता?"

"लागते," भुपेंद्र म्हणाला. "कारखान्यात इंजिनिअर होता येतं. रेल्वेत, वीजकेंद्रात. सरकारी परीक्षा देता येतात. पुढे शिकलं तर माझ्यासारखं प्राध्यापक होता येतं."

"तुमच्यासारखं म्हंजे उन्हातान्हात दुसऱ्याची पानं बांधत?"

संध्या हसली. भुपेंद्रही हसला.

"तुमची पोट्टी लागली का कामाले?"

"काही चाकणला आहेत, पुण्याकडे. काही रायपूरला."

हे खरे होते. चाकणची मुले ठेकेदारामार्फत लाइनवर उभी राहतात, काही महिन्यांनी त्यांना काढतात आणि नव्या नावाच्या ठेकेदाराकडून परत घेतात, हेही खरे होते. एक जण बँकेत चिकटला, दोघे पोलीस भरतीसाठी मैदानावर धावतात, वर्गात पहिला आलेला मामाच्या मोबाइलच्या दुकानात बसतो. हे कोणी विचारले नाही. भुपेंद्रने सांगितले नाही.

मग संध्याने विचारले, "सर, तुम्ही कोणत्या शाखेला शिकवता?"

"मेकॅनिकल."

"मग मी तेच घेते."

इथे त्याने थांबायला हवे होते. म्हणायला हवे होते, अगं, माणूस बघून शाखा घेत नाहीत. पण तो मुले आणायलाच आला होता. त्याने पुड्याला गाठ मारली.

नवराबायको गोंडीत बोलू लागले. ती भाषा भुपेंद्रला येत नव्हती. संध्या पाने निवडत राहिली, एकदा काहीतरी म्हणाली, रुख्माबाई तिच्यावर जरा डाफरली, बिसरामने हातातला पुडा बांधून संपवला. मग मराठीत म्हणाला,

"न्या जी. तुमच्या हाती दिली."

भुपेंद्रला ही बोलायची रीत वाटली. तिथेच चुकले.

गृहीत

"घर्षण नाही असं गृहीत धरा," तो वर्गात सांगायचा. "दोरीला वजन नाही असं गृहीत धरा. हवेचा अडथळा नाही असं गृहीत धरा."

पहिल्या वर्षी मेकॅनिकलला एक छोटा बाक भरेल इतकी मुले होती. संध्या त्यांत मागे नव्हती, पुढेही नव्हती. पण ड्रॉइंगच्या कागदावर ती वाकली की तासाची घंटा तिला ऐकू जात नसे. सुटीत घरी गेली तेव्हा तिने बापाची कुऱ्हाड काढली. समोरून, वरून, बाजूने.

बिसरामने कागद उलटा केला, सुलटा केला. "ह्या तीन कुऱ्हाडी कायले?"

"एकच हाय बाबा. समोरून अशी, वरून अशी, बाजूनं अशी."

"एक कुऱ्हाड पाह्याले तीनदा काऊन पाह्याचं?"

"म्हंजे ज्यानं कधी पाह्यली नाही, त्याले बनवता येते."

बिसरामने यावर विचार केला. "मंग दांडा हातात कसा बसते, ते कुठून दिसते?"

"ते नाही दिसत."

"तं मंग," तो म्हणाला आणि कागद छपराच्या वाशात खोचून ठेवला, चांगल्या जागी. सुटी संपवून ती हे सरांना सांगत होती आणि भुपेंद्र इतका हसला की शेजारच्या वर्गातून कोणी डोकावले.

वर्ष संपले. बाकावरची मुले एकेक करून कॉम्प्युटरला गेली. दुसऱ्या वर्षाला शाखा बदलता येते, तिथल्या जागा वाढल्या होत्या. नवीन प्रवेश मेकॅनिकलला एकही आला नाही. भुपेंद्र त्या उन्हाळ्यातही पुडे बांधत फिरला, देवरी, चिचगड, नवेगावच्या बाजूने. पण आता खेड्यातल्या पोरांच्या हातातही मोबाइल होता आणि ती त्यालाच विचारत, "सर, एआय आहे का तुमच्याकडे?"

जुलै संपता संपता संस्थेने सांगितले: मेकॅनिकल बंद. वर्कशॉपमधले लेथ, ड्रिल, शेपर, सगळे विकणार. त्या खोलीत कॉम्प्युटरची नवी लॅब. भुपेंद्रची सेवा महिनाअखेरपर्यंत.

वरचे वर्ग आधीच रिकामे झाले होते. शाखेत राहिलेली एकुलती एक विद्यार्थिनी: संध्या.

काढायचे

संध्या कॉलेजात कशी राहील?

यात अवघड काही नव्हते. शाखाबदलाचा अर्ज, पालकाची सही, मंगळवारच्या आत. फी सरकार भरत होते, तशीच भरणार होते. संध्याची हरकत नव्हती. म्हणजे होती, पण ती म्हणाली, "घरी बसण्यापेक्षा कॉम्प्युटर बरं, सर." एवढे बोलून ती वर्कशॉपच्या दारात उभी राहिली आणि लेथकडे पाहत राहिली. त्यावर आधीच प्लास्टिक चढले होते.

सही घ्यायला भुपेंद्र तिला मोटारसायकलवर घेऊन निघाला. रोवणीचे दिवस. बिसराम बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पोटरीभर चिखलात उभा होता. धुऱ्यावर, म्हणजे खाचराच्या बांधावर, उभे राहून भुपेंद्रने सगळे समजावून सांगितले. बिसराम रोपांची जुडी हातात धरून ऐकत होता.

"म्हंजे तुम्ही चालले."

"हो. शाखाच नाही राहिली."

"मंग पोरगीबी वापस."

"नाही नाही. तिला दुसऱ्या शाखेत जागा आहे. कॉम्प्युटर. उलट चांगली शाखा. नोकऱ्या जास्त. इंद्रकुमार सर म्हणून आहेत, ते शिकवतील."

"कोण इंद्रकुमार?"

"कॉम्प्युटरचे विभागप्रमुख."

"मी पाह्यला का त्यायले?"

"नाही, पण—"

बिसराम धुऱ्यावर आला, चिखलाचे पाय पसरून बसला, दुखरा गुडघा चोळू लागला. "सर, गावची गुरं आम्ही गायक्याच्या हाती देतो. तो गाव सोडून चालला, तं काय करते? नव्या गायक्याले संगं घेऊन घरोघरी येते. आंगणात उभा करते. म्हणते, आता हा. घरचा माणूस त्याले पाहते, पाणी देते, मंग गायी जाते त्याच्या मागं. गायकी नुसता निरोप धाडत नाही. निरोपामागं गाय सोडत नाही कोणी."

"बाबा, मी गाय हाय का?" संध्या म्हणाली.

धुऱ्याच्या पलीकडून रुख्माबाईचा आवाज आला. "गायीहून जास्त हायस, म्हणून तं."

"बिसरामभाऊ, कॉलेजात असं नसतं. माणसं बदलतात, कॉलेज तेच राहतं."

"कॉलेज आलं होतं का माझ्या आंगणात?" बिसरामने विचारले. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही आले. पानं बांधली. तुमच्या हाती दिली मी. आता तुम्ही ज्याच्या हाती देता, त्याले आणा. मी पाहतो, अन् देतो अंगठा. कुठं द्या म्हणाल तिथं."

अर्ज भुपेंद्रच्या बॅगेतच राहिला. संध्याला बिसरामने परत जाऊ दिले नाही. तिने पदर खोचला, म्हणजे ओढणी, आणि बांधीत उतरली. तिचे हात रोवणीला सरावलेले होते. भुपेंद्र थोडा वेळ उभा राहिला. तिने वर पाहिले नाही.

उकल

फुलचूरच्या भाड्याच्या घरात टीना, भुपेंद्रची बायको, सामान बांधत होती. भुपेंद्रला नवे काम मिळाले होते. राईस मिलमध्ये धानाचे टरफल काढायला रबराचे रोल लागतात, ते झिजतात, सारखे बदलावे लागतात. रायपूरची एक कंपनी ते रोल विकते. गोंदिया ते राजनांदगाव पट्ट्यातल्या मिल भुपेंद्रकडे. मोटारसायकल त्याची, पेट्रोल कंपनीचे.

"एम.टेक. झालेला माणूस रोल विकणार," टीना म्हणाली, "आणि वर दुसऱ्याच्या पोरीची भरती करत फिरणार. तुम्हाला सांगितलं कोणी?"

"मी आणली तिला."

"आणली ती कॉलेजसाठी. कॉलेजनं हाकललं ना तुम्हाला. आता कॉलेजनं बघावं."

"तो म्हणतो कॉलेज आलं नव्हतं."

टीनाच्या हातातली सेलोटेप थांबली. "काय?"

"काही नाही."

"मग जा त्या इंद्रकुमारकडे. पाया पडा. जेवून जा पण."

इंद्रकुमार त्याच्याच बरोबरचा. दोघांनी एकाच वर्षी नोकरी धरली होती, एकाच डब्यातून जेवले होते. आता इंद्रकुमारच्या केबिनबाहेर पालकांची रांग होती. त्याने भुपेंद्रला आत घेतले, चहा मागवला.

"सीट है यार, सीटचा प्रॉब्लेमच नाही. अर्ज आण, सही मारतो."

"सही नको. तू चल. घरी चल त्यांच्या."

"कुठे?"

"कोहमाऱ्याच्या पुढे. जेवून येऊ. अर्ध्या दिवसाचं काम."

इंद्रकुमार हसला. मग भुपेंद्रचा चेहरा पाहून थांबला. "एका पोरीसाठी? भुपी, माझ्याकडे बसायला खुर्च्या नाहीत. व्हिडिओ कॉल लाव, मी बोलतो ना. नमस्ते बोलतो, हात जोडतो, जो बोलना है बोलतो."

"तिथं रेंज नाही. आणि असली तरी तो मानणार नाही."

"काऊन?"

"त्याला तुझ्या हातात द्यायची आहे."

इंद्रकुमारने चहाचा कप फिरवला. "तू ना यार, पहिल्यापासून असाच. लोकं भरती करतात, तू नातं जोडून येतो. आता भोग." पण शेवटी तो म्हणाला, "ठीक. संडेला. दुपारी कोहमाऱ्याला भेट, ढाब्यावर."

भुपेंद्रने गावातल्या एका ओळखीच्या जीपवाल्याकडून निरोप पाठवला. रविवारी नवे सर येत आहेत. दोघे येतो.

खोडलेले

~~इंद्रकुमारची गाडी कोहमाऱ्याला आली. तो उतरला, चिखलाने बूट भरले म्हणून त्याने शिवी दिली आणि मग हसला. अंगणात बिसरामने त्याला बाजेवर बसवले. डोळे बारीक करून पाहिले. पाणी दिले. "तुम्ही पाहाल ना पोरीले?" "पाहू ना बाबा." "नाव काय जी तुमचं?" इंद्रकुमारने नाव सांगितले. बिसरामने ते दोनदा म्हणून पाहिले. मग~~

असे झाले नाही.

उकल, पुन्हा

भुपेंद्र ढाब्यावर बसून राहिला. हायवेवरून ट्रक जात होते, देवरीकडे, साकोलीकडे. त्याने एक चहा घेतला, मग आणखी एक, मग ढाबेवाला विचारू लागला म्हणून भजी. फोन वाजला तेव्हा दुपार उलटत होती.

"भुपी, सासरची मंडळी टपकली रे अचानक. निघता येईना. नेक्स्ट संडे पक्का."

"मंगळवार शेवटचा आहे."

"अरे, मग तू समजावून सांग ना. तुझं ऐकतात ते."

भुपेंद्रने भज्यांची ताटली बाजूला सारली. इंद्रकुमार म्हणाला, "सॉरी यार." आणि ते त्याने मनापासून म्हटले होते, तेच वाईट होते.

परत फिरता आले असते. मोटारसायकल त्याने आतल्या रस्त्याला घातली.

अंगण सारवलेले होते. रोवणी ऐन भरात असताना दोघे नवराबायको घरी थांबले होते. कोंबडा कापला होता. बाजेवर धुतलेली चादर. समोर दोन पत्रावळी मांडलेल्या, दोन पेले. बिसरामने घडीचा सदरा घातला होता आणि तो फाटकाच्या बाहेर येऊन रस्त्याकडे, भुपेंद्रच्या मागे, पाहत होता.

"दुसरे सर?"

संध्या चुलीपाशी होती. तिनेही मान उचलली.

भुपेंद्रने मोटारसायकल स्टँडवर लावली. नीट लागली नाही म्हणून पुन्हा लावली. मग म्हणाला,

"दुसरं कोणी नाही, बिसरामभाऊ. मीच."

"म्हंजे?"

"कॉलेजनं मला ठेवलं. कॉम्प्युटरला. आता मी तिथं शिकवणार. त्यामुळं द्यायचं-घ्यायचं काही नाही. पोरगी माझ्याच हाती."

बिसराम त्याच्याकडे पाहत राहिला. खोटे पकडायला नाही. त्याच्या चेहऱ्यावर एवढेच होते, की एवढी चांगली गोष्ट अशी तोंडातल्या तोंडात कोण सांगते.

मग तो वळला आणि मुलीला विचारले. "हाव का वो?"

संध्याला माहीत होते. सगळ्या कॉलेजला माहीत होते. ती गावी यायच्या आधीच झालेल्या निरोप समारंभात भुपेंद्रला शाल आणि नारळ मिळाला होता आणि टाळ्या वाजवणारी मेकॅनिकलची ती एकटीच होती. तिच्या हातात भाताचे भांडे होते. ते तिने खाली ठेवले.

"हाव बाबा," ती म्हणाली. "सर आता कॉम्प्युटरले."

"मंग आधी काऊन नाही सांगतलं?"

"पक्कं नव्हतं."

रुख्माबाई एकदम हलकी झाली. "मंग दोन पत्रावळी कायले मांडल्या मी? निरोप दोघांचा होता ना."

"निरोपवाल्याचं डोस्कं," बिसराम म्हणाला आणि दुसऱ्या पत्रावळीवर स्वतःच बसला. "चला, तुमच्या संगं मी जेवतो. वाढ वो. सरले काळीज वाढ."

भुपेंद्र जेवला. बिसराम त्याला विचारत होता, कॉम्प्युटर शिकवाले तुमाले आधी शिका लागलं असल ना? आणि भुपेंद्र म्हणाला, हो, थोडं. आणि बिसराम म्हणाला, शिकलेल्या माणसाले काय, दुसरं शिकते. आमचं तसं नाही. रुख्माबाई वाढत होती, नको म्हणायच्या आत वाढत होती. जेवणानंतर बिसरामने अंगठा दिला, मग अंगठ्याशेजारी शाळेत शिकलेली सहीही केली, कारण चांगल्या कामाला दोन्ही असावे.

निघताना त्याने संध्याचे गाठोडे स्वतः मोटारसायकलला बांधले.

कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकसाठी थांबावे लागले तेव्हा संध्या मागून म्हणाली,

"सर, बाबा फोन करतील. रानातल्या टेकडीवर जाऊन करतात, तिथं रेंज येते."

"करू दे."

"आज काय शिकवलं, ते विचारतात. मागच्या वर्षी पण विचारायचे. तुम्हाला पण करतील."

"मी बोलेन."

"काय बोलाल?"

ट्रक गेला. मागून हॉर्न वाजला. भुपेंद्रने गाडी पुढे घेतली आणि बऱ्याच अंतरावर जाऊन म्हणाला, "तू त्यांना जे सांगशील, ते मला मेसेजवर कळव. मी तेच सांगेन."

उत्तर

संध्या: सर आज कॉम्प्युटरमध्ये सी प्रोग्रामिंग झालं. पण बाबांना ते सांगता येईना. मी बॉयलर सांगितला.

सर: बॉयलर?

संध्या: मेकॅनिकलच्या सेकंड इयरचं पुस्तक लायब्ररीत आहे. कोणी नेत नाही. त्यातून.

सर: ठीक.

संध्या: ते म्हणाले कॉम्प्युटरात बॉयलर राहते का. मी म्हटलं राहते.

राजनांदगावच्या अलीकडे एका मिलच्या आवारात, रोलचे खोके उतरवताना, भुपेंद्र हे वाचून एकटाच हसला. त्याच आठवड्यात बिसरामचा फोन आला. मिल चालू होती.

"सर, पोरगी बरी हाय?"

"बरी आहे. लक्ष देते."

"बॉयलर सांगत होती. पाणी तापून वाफ जोर कशी करते, ते चांगलं सांगतलं तुम्ही. मले समजलं. हा आवाज कायचा येऊन राहिला?"

"मशीनचा."

"कॉम्प्युटरचा?"

"हाव."

"लय मोठा असल."

पुढले काही आठवडे असे:

संध्या: उद्या काय सांगू?

सर: फ्लायव्हील. इंजिनचा झटका ते साठवून ठेवतं आणि नंतर हळूहळू देतं. बैलगाडी उतारावर ढकलायला लागत नाही, तसं सांग.

संध्या: गिअर?

सर: लहान चाक जास्त फिरतं, मोठं कमी. जोर उलटा. एक आकृती काढून पाठवतो.

त्याने खरोखर आकृती काढली, मिलच्या पावतीच्या मागे, समोरून आणि बाजूने, आणि फोटो पाठवला. तिने ती वहीत उतरवली, चुकली होती ती रेघ दुरुस्त करून परत पाठवली. टीना म्हणाली, "पगार कोण देते या तासांचा?" पण फोन हातातून काढून घेतला नाही.

मग धान निघाले. मिल रात्रंदिवस चालू झाल्या, रोल भराभर झिजू लागले, आणि कंपनीने भुपेंद्रला बालाघाटची बाजूही दिली.

संध्या: सर, क्लच?

संध्या: सर, क्लच मी पुस्तकातून सांगितलं. चालेल ना?

सर: हो. बिझी.

संध्या: सर, बाबा विचारत होते गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, याल का. नाटक आहे रातचं. मी म्हटलं परीक्षा घ्यायच्या आहेत तुम्हाला.

सर: बरं केलंस.

संध्या: उद्या काय सांगू?

संध्या: सर?

दुसऱ्या दिवशीही निळी खूण झाली नाही.

कॉम्प्युटरची नवी लॅब जुन्या वर्कशॉपमध्येच झाली होती. लेथ, शेपर जिथे जमिनीला बोल्टने कसले होते तिथले बोल्ट मुळाशी कापून वर सिमेंट लिंपले होते, पण जमीन सारखी झाली नव्हती. संध्याचे टेबल अशाच एका लिंपणावर आले होते. ते डुलायचे. इंद्रकुमार सर चांगले शिकवायचे, भराभर शिकवायचे. हजेरी मशीनवर बोट ठेवून होई, त्यामुळे त्यांना तिचे नाव माहीत असायचे कारण नव्हते.

फोन आला तेव्हा ती लॅबमध्येच होती. ती बाहेर ओसरीत गेली. बापलेकीचे बोलणे गोंडीत होते, इथे मराठीत.

"जेवलीस?"

"जेवले."

"टेकडीवर वारं हाय. ऐकू येते ना?"

"येते."

"काय शिकवलं आज सरनं?"

लायब्ररीतले पुस्तक तिने गेल्या आठवड्यात परत केले होते. मेकॅनिकलची पुस्तके काढून गठ्ठे बांधत होते. सांगण्यासारखे तिच्याकडे आज काहीच नव्हते, आणि तिकडे बाप वाऱ्यात उभा होता, फोन कानाला दाबून, एका गोष्टीसाठी चढून आलेला.

"आज शिकवलं नाही," ती म्हणाली.

"काऊन? बरं नाही त्यायले?"

"बरं हाय. आज ते वर्गात आले, माझ्या टेबलापाशी थांबले, अन् तुमचं विचारलं. बाबा कसे हायत म्हणे. पाय दुखते का म्हणे अजून. धान घरी आलं का."



"सगळ्यांसमोर विचारलं?"

"हाव. सगळ्यांसमोर."

"मंग तू काय सांगतलं?"

"सांगतलं, बरे हायत."

"पायाचं नको सांगू त्यायले. कायले उगी," बिसराम म्हणाला. "म्हणावं, बरा हाय. धान आलं म्हणावं. सांगशील ना?"

"सांगते," संध्या म्हणाली.